न्यायालयाने केलेला दंड भरला नाही, तर पुढे काय होतं? पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

‘…दंड न भरल्यास आणखी एक महिना साधी कैद.’ वर्तमानपत्रातल्या कोर्टाच्या बातम्यांचा शेवट बहुधा याच वाक्याने होतो. आपण ते वाचतो आणि पान उलटतो. घरातल्या कुणाच्या निकालात हेच वाक्य येतं, तेव्हा मात्र त्याचा नेमका अर्थ सांगणारं जवळ कुणी नसतं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. पक्षकारांकडून दोन समजुती मला सारख्या ऐकू येतात. पहिली म्हणजे, ‘नाही भरायचा दंड, महिनाभर आत बसू, मग सुटलो.’ दुसरी, ‘दंड सरकारचा. घरी येऊन कोण मागतंय?’ या दोन्ही समजुतींनी लोकांचं नुकसान होतं. म्हणून दंडाची वसुली कशी होते, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: दंड नेमका कोणाचा, ते ओळखा

वाहतूक पोलिसांनी मोबाइलवर पाठवलेलं ई-चलान हा न्यायालयाचा दंड नाही. ती तडजोडीची रक्कम आहे. ती भरली की प्रकरण तिथेच मिटतं. भरली नाही, तर प्रकरण कोर्टाकडे जाऊ शकतं. त्याआधी अनेकांना लोकअदालतीची नोटीस येते. काही ठिकाणची चलानं आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयात जातात. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला असं न्यायालय २०२० पासून आहे. तिथून संदेश आला की गुन्हा मान्य करून ऑनलाइन पैसे भरता येतात, नाहीतर ‘मला हे मान्य नाही’ असं कळवता येतं. तसं कळवलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात येतं आणि तुमची बाजू ऐकली जाते. गाडी तुमची नसेल, किंवा नंबरप्लेट चुकीची वाचली गेली असेल, तर पैसे भरून मोकळं होण्याची घाई करू नका. भरणा म्हणजे कबुली.

एक सावधगिरी इथेच सांगते. ‘तुमचं चलान बाकी आहे’ असं लिहून व्हॉट्सॲपवर एखादी फाइल आली, तर ती उघडू नका. अशा फाइलमधून फोनचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी केली गेली आहेत. चलान पाहायचं असेल तर सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून पाहा.

यापुढे जे सांगते आहे ते खटला चालून, किंवा गुन्हा कबूल झाल्यावर, न्यायाधीशांनी शिक्षा म्हणून केलेल्या दंडाबद्दल. कायद्याच्या मराठीत त्याला ‘द्रव्यदंड’ म्हणतात.

दुसरी पायरी: निकालपत्राचं शेवटचं पान वाचा

निकालपत्र वीस पानांचं असलं, तरी तुमच्या कामाचा भाग शेवटच्या पानावरचा आदेश आहे. त्याची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. आदेशात या गोष्टी शोधा: कोणत्या कलमाखाली किती दंड, तो न भरल्यास किती दिवसांची कैद, ती साधी की सक्तमजुरीची, आणि दंडाच्या रकमेतून फिर्यादीला काही भरपाई द्यायची आहे का. हा शेवटचा मुद्दा लोक वाचत नाहीत. पुढे सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

न भरल्याबद्दलची कैद न्यायाधीश मनाला येईल तेवढी लावू शकत नाहीत. गुन्ह्याला कैद आणि दंड अशा दोन्ही शिक्षा असतील, तर त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त ती असू शकत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं आहेत, म्हणजे दंड न भरल्याबद्दल जास्तीत जास्त नऊ महिने. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल सहा महिने आहेत, तिथे दीड महिना.

गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा असेल, तर कैद साधीच असते आणि तिची मर्यादा दंडाच्या रकमेवर ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे पाच हजारांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने, त्यापुढे एक वर्ष. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुन्हा त्याआधी घडला असेल, तर जुन्या भारतीय दंड संहितेची मोजणी लागते आणि तिथे सर्वांत वरची मर्यादा सहा महिन्यांची होती. निकालाची तारीख कोणतीही असो, गुन्ह्याची तारीख पाहा. आदेशातला आकडा या मर्यादेबाहेर दिसला, तर त्याच दिवशी वकिलांना दाखवा.

दोन गोष्टी अशा आहेत की त्या घरच्यांना सांगताना मलाही जड जातं. दंड न भरल्याबद्दलची कैद मूळ शिक्षेच्या बरोबरीने चालत नाही, ती मूळ शिक्षा संपल्यावर सुरू होते. दोन-तीन कलमांखाली वेगवेगळे दंड असतील, तर त्या कैदाही एकामागोमाग एक भोगाव्या लागतात. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं. दुसरी गोष्ट अशी की खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, दंडाबद्दलच्या कैदेतून होत नाहीत. ‘आधीच आठ महिने आत होता, तेवढ्यात दंडही फिटला असेल’ असं धरून चाललेली कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. तो फिटलेला नसतो.

तिसरी पायरी: पैसे नसतील तर त्याच दिवशी तोंड उघडा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही.

एका टेम्पोचालकाला मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल दहा हजारांचा दंड झाला, न भरल्यास एक महिना साधी कैद. निकाल दुपारी लागला. त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून रबरबँड लावलेल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होती. सहा हजार चारशे. प्रत्येक वेळी तेवढेच. तिचा दीर सावकाराला फोन लावत होता. त्या दोघांना कुणीच सांगितलं नव्हतं की न्यायाधीशांकडे मुदत मागता येते. आम्ही हिरव्या लेजर पेपरवर चार ओळींचा अर्ज लिहिला: आरोपी रोजंदारीवर आहे, दोन मुलं शाळेत आहेत, दंड हप्त्याने भरण्यास मुदत मिळावी. कोर्ट उठायच्या आत अर्ज मंजूर झाला, जातमुचलका, म्हणजे अटी पाळण्याची स्वतःची लेखी हमी, लिहून दिला गेला आणि माणूस रात्री घरी जेवला. सावकाराचं व्याज टळलं.

याला कायद्याचा आधार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ प्रमाणे शिक्षा फक्त दंडाची असेल आणि रक्कम लगेच भरता येत नसेल, तर न्यायालय जास्तीत जास्त तीस दिवसांची मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता तीस दिवसांच्या आत, पुढच्या हप्त्यांमधलं अंतरही तीस दिवसांपेक्षा जास्त नाही. तोपर्यंत कैदेची अंमलबजावणी थांबते आणि आरोपीला मुचलक्यावर सोडलं जातं. कधी जामीनदार मागतात, कधी नाही.

मात्र ही सवलत मागावी लागते, आपोआप मिळत नाही. तेव्हा निकालाच्या तारखेला येताना आधारकार्ड, शक्य असेल तर जामीनदार आणि हाताशी असेल तेवढी रोख रक्कम घेऊन या. थोडी रक्कम लगेच भरण्याची तयारी दाखवली की अर्जाला वजन येतं. आणि हप्त्याची तारीख चुकवू नका. ती चुकली की थांबवलेली कैद तिथल्या तिथे सुरू करण्याचा आदेश होऊ शकतो.

दंडाबरोबर खरी कैदही झाली असेल तर हे कलम लागू पडत नाही. अशा वेळी मूळ शिक्षा संपेपर्यंतचा काळ हाताशी असतो, तेवढ्यात रक्कम जमवायची.

चौथी पायरी: भरणा आणि पावती

दंड कोर्टातच, नाझराकडे (कोर्टाचा रोखीचा व्यवहार सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) किंवा नेमलेल्या लिपिकाकडे भरला जातो. ई-कोर्टच्या ई-पे संकेतस्थळावरही न्यायालयीन दंड भरण्याची सोय आहे. तिथे सीएनआर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र सोळा अंकी-अक्षरी क्रमांक लागतो, तो जवळ ठेवा. रोखीने भरणार असाल तर सकाळी या. आमच्याकडे रोखीचा हिशेब कोर्ट सुटण्याच्या बराच आधी बंद होतो, आणि त्या दिवशी पावती झाली नाही तर माणसाची रात्र तुरुंगात जाते.

पावती हातात आल्यावर खटला क्रमांक, आरोपीचं पूर्ण नाव आणि रक्कम तिथेच उभं राहून तपासा. तीन आरोपींच्या प्रकरणात एकाचा दंड दुसऱ्याच्या नावावर पडलेला मी पाहिला आहे, आणि ते निस्तरायला दोन तारखा गेल्या. पावतीच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत जपून ठेवा. कोर्टाबाहेर कुणाच्याही हातात ‘दंडाचे पैसे’ म्हणून रोकड देऊ नका. वकिलांकडे दिली असेल, तर पावती त्याच दिवशी मागून घ्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पाचवी पायरी: दंड थकला की वसुली कशी येते

दंड भरला नाही, तर न्यायालयापुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ मधले दोन मार्ग असतात. ते दोन्ही एकाच वेळीही वापरता येतात.

पहिला मार्ग जंगम मालमत्तेच्या जप्तीचा. न्यायालय वॉरंट काढतं आणि दोषी माणसाची जंगम मालमत्ता जप्त करून विकली जाते: दुचाकी, टीव्ही, दुकानातला माल. इथे लक्षात ठेवायचं की मालमत्ता दोषी माणसाची असायला हवी. वडिलांच्या नावावरचा ट्रॅक्टर किंवा बायकोच्या नावावरची स्कूटर त्याच्या दंडापोटी विकता येत नाही. चुकून जप्तीत आलीच, तर खऱ्या मालकाने हक्क सांगायचा असतो. आरसी बुक, खरेदीची पावती असं जे असेल ते घेऊन लगेच अर्ज करा. विक्री झाल्यावर सोडवणं फार कठीण जातं.

दुसरा मार्ग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवतं आणि दंडाची रक्कम जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखी वसूल होते. खेड्यात हा मार्ग जास्त जाणवतो. प्रकरण तहसील कार्यालयात येतं, तिथून मागणीची नोटीस निघते, ती गावात तलाठ्यामार्फत पोहोचते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जंगम मालमत्तेबरोबर जमीन आणि घरही जप्त होऊन लिलावात निघू शकतं. सातबाऱ्यावर इतर हक्कांत त्याची नोंद चढली, की पीककर्जाला आणि खरेदी-विक्रीला अडचण येते. दंडाची रक्कम लहान असली तरी ही अडचण मोठी असते.

याच मार्गाला कायद्याने एक कुंपण घातलं आहे. महसुलाच्या थकबाकीसाठी एरवी थकबाकीदाराला अटक करता येते. दंडाच्या वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेल्या वॉरंटवर मात्र दोषी माणसाला अटक किंवा स्थानबद्ध करता येत नाही. ‘दंड भरा, नाहीतर तहसीलदार उचलून नेतील’ असं कुणी घाबरवलं, तर हे सांगा. तुरुंगात टाकायचं असेल तर ते न्यायालयाच्या शिक्षेच्या आदेशानेच.

आता सुरुवातीच्या पहिल्या समजुतीकडे येते. दंडाबद्दलची कैद पूर्ण भोगली, तर दंड फिटला का? व्यवहारात बहुतेकदा वसुली थांबते, कारण कैद पूर्ण भोगलेल्या माणसाविरुद्ध वॉरंट काढायचं तर न्यायालयाला खास कारणं लेखी नोंदवावी लागतात. पण दंडातून फिर्यादीला भरपाई किंवा खर्च देण्याचा आदेश असेल, तर ही अट उरत नाही. कैद भोगूनही वॉरंट निघू शकतं. दुसऱ्या पायरीत आदेशातला तो मुद्दा शोधा म्हटलं, ते याचसाठी.

दुसऱ्या समजुतीचं उत्तरही कायद्यात आहे. शिक्षा सुनावल्यापासून सहा वर्षांपर्यंत दंड वसूल करता येतो. शिक्षेची कैद सहा वर्षांहून मोठी असेल, तर ती संपेपर्यंत. माणूस वारला तरी त्याच्या मागे राहिलेली जी मालमत्ता त्याच्या देण्यांना बांधील असते, ती दंडातून सुटत नाही. त्यामुळेच आरोपी वारल्यावर एरवी त्याचं अपील संपतं, पण दंडाविरुद्धचं अपील संपत नाही. वारसांनी त्याकडे लक्ष ठेवायला हवं.

सहावी पायरी: माणूस आधीच आत असेल तर

दंडासाठी आत असलेल्या माणसाची सुटका रक्कम भरली त्या क्षणी व्हायला हवी. पूर्ण रक्कम भरणं जमत नसेल तरी हात बांधून बसू नका, कारण भोगलेले दिवसही हिशेबात धरले जातात. समजा सहा हजारांचा दंड आणि न भरल्यास साठ दिवस कैद आहे. वीस दिवस भोगून झाले, म्हणजे एक-तृतीयांश कैद झाली. आता चार हजार भरले, की उरलेले दोन हजार त्या वीस दिवसांत फिटल्यासारखे होतात आणि सुटका होते. चाळीस दिवस झाले असतील, तर दोन हजारच पुरतात. हा हिशेब कागदावर मांडा, कोर्टात अर्ज देऊन रक्कम भरा आणि तुरुंगाकडे सुटकेचा आदेश गेला का, याची खात्री करा.

तेवढेही पैसे नसतील, तर केंद्र सरकारची गरीब कैद्यांना मदत करणारी योजना आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली. दंड भरता न आल्यामुळे अडकलेल्या, शिक्षा झालेल्या कैद्यासाठी जिल्हा पातळीवरची समिती पंचवीस हजार रुपयांपर्यंतचा दंड मंजूर करू शकते. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, काळा पैसा वैध करणं, दहशतवादी कृत्यं असे काही गुन्हे तिच्यातून वगळले आहेत. तुरुंग अधीक्षकांकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, त्यांच्या मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांनाही नाही.

पाच-सात हजारांसाठी माणसं आत राहतात, आणि त्याच जिल्ह्यात ती रक्कम मंजूर करणारी सोय पडून असते. मला हे फार लागतं. मधला दुवा म्हणजे एक अर्ज असतो. तो घरच्यांनी केला नाही, तर दुसरं कुणी करेलच असं नाही.

सातवी पायरी: निकाल मान्य नसेल तर

दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. दंडाला स्थगिती मिळावी म्हणून वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि तसा आदेश घ्यावा लागतो. न्यायालय काही रक्कम आधी भरायला सांगू शकतं. आणखी एक दिलासा म्हणजे, अपील होण्यासारख्या निकालात दंडातून फिर्यादीला द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत, वाटली जात नाही.

पैसे घ्यायचे असलेल्यांसाठी

हा लेख वाचणाऱ्यांत काहीजण दुसऱ्या बाजूचेही असतील. चेक परत आल्याच्या खटल्यात भरपाईचा आदेश झाला, पण हातात काही आलं नाही, ही तक्रार मी रोज ऐकते. न्यायालयाने आदेश केलेली भरपाई दंडासारखीच वसूल करता येते, आणि समोरच्याने कैद भोगली म्हणून ती बुडत नाही. खटला चालू असतानाही न्यायालय चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकतं. तिचीही वसुली याच मार्गाने.

मात्र न्यायालय मालमत्ता शोधत फिरत नाही. वसुली वॉरंटसाठी अर्ज देताना समोरच्याच्या नावावर काय आहे, त्याची यादी तुम्हीच जोडा: गाडीचा नंबर, गट क्रमांक आणि सातबारा, दुकानाचा पत्ता. ‘आरोपीकडे मालमत्ता आढळून आली नाही’ एवढाच शेरा मारून परत आलेली वॉरंटं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ही यादीच जोडलेली नव्हती.

पोटगीचं असंच, पण तिथे घड्याळ जास्त कडक आहे. थकलेली पोटगी दंडासारखी वसूल होते, त्यासाठीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. नवरा थकबाकीपोटी महिनाभर तुरुंगात जाऊन आला, तरी ती रक्कम त्याच्या अंगावर तशीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. तेव्हा तो सुटून आल्यावर ‘आता काही देणं नाही’ म्हणाला, तर ते ऐकून गप्प बसू नका.

शेवटचं काम: कागद बंद करून घ्या

दंड भरला, पण वॉरंट आधीच तहसीलकडे किंवा पोलीस ठाण्याकडे गेलेलं असेल, तर ते आपोआप परत फिरत नाही. पावतीची प्रत जोडून न्यायालयात वॉरंट परत मागवण्यासाठी अर्ज करा, त्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि ती स्वतः नेऊन तहसील कार्यालयात द्या. पोचेचा शिक्का तुमच्या प्रतीवर मारून घ्या. सातबाऱ्यावर नोंद चढली असेल, तर ती कमी करण्याचा फेरफार व्हावा यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्या आणि महिन्याभराने नवा उतारा काढून पाहा. इतर हक्कांच्या रकान्यातून ती नोंद गेलेली दिसली, की ही फाइल कपाटात ठेवायला हरकत नाही.